टाळेबंदी आणि आपले हक्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर थेट माजघरात शिरले. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या साथीतही महाराष्ट्रात लागू केला गेला. साथ आली की स्वातंत्र्य आणि आरोग्य यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो मांडताना काही गैरसमज आड येतात.

गैरसमज : टाळेबंदीत मूलभूत हक्क स्थगित झाले होते.
वस्तुस्थिती : नाही. २५ मार्च २०२० पासूनची देशव्यापी टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली होती. आणीबाणी पुकारलेली नव्हती. राज्यघटनेचं कलम १९ जनहितासाठी संचारावर निर्बंध घालू देतं, पण ते वाजवी असले तरच. कामगारांचे हक्कही साथीच्या नावाखाली काढून घेता येत नव्हते : साथीचं कारण सांगून गुजरात सरकारने कारखान्यांना जादा कामाच्या दुप्पट मजुरीतून सूट दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली.

गैरसमज : बाहेर पडलो तर धोका माझा मला, इतरांना काय त्याचं?
वस्तुस्थिती : कोरोनाची लागण झालेला माणूस लक्षणं दिसण्याआधीच ती इतरांना देऊ शकतो. धारावीत एका खोलीत आठ-दहा माणसं राहतात आणि सकाळी सार्वजनिक संडासापुढे रांग लागते. त्या रांगेत कुणाचाच धोका त्याच्यापुरता उरत नाही.

गैरसमज : नियम मोडणाऱ्याला पोलिसांनी दोन फटके दिले तर बिघडलं कुठे?
वस्तुस्थिती : भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली कारवाई करता येत होती, पण शिक्षा ठरवणं न्यायालयाचं काम. भर चौकात उठाबशा काढायला लावणं किंवा काठीने झोडपणं ही शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही.

गैरसमज : निर्बंध जितके कडक, तितके जास्त जीव वाचतात.
वस्तुस्थिती : निर्बंधांमुळे संसर्गाचा वेग मंदावतो आणि रुग्णालयांना तयारीला वेळ मिळतो, हे खरं. पण हातावर पोट असलेल्याचं काम थांबलं की चूलही थांबते. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत काम थांबल्याने जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली सापडले. त्यांच्या शिदोरीतल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. ही माणसं विषाणूने मेली नाहीत.

पुढच्या साथीत निर्बंध मनापासून पाळूया. पण सोबत तीन प्रश्नही विचारूया : कारण काय, मुदत किती आणि ज्याची मजुरी बुडाली त्याच्या ताटात काय? घरात थांबणं आपलं कर्तव्य आहे, तसं या प्रश्नांची उत्तरं देणं सरकारचं.