एकाच पातेल्यातली भांग

धुळवडीच्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या अनेक सोसायट्यांच्या आवारात एक ओळखीचे दृश्य दिसते. टेबलावर दोन पातेली. एक पोराबाळांसाठी, साध्या थंडाईचे. दुसऱ्याजवळ एखादे हौशी काका पळी घेऊन उभे असतात आणि डोळे मिचकावत ‘तुम्हाला कुठली?’ म्हणून विचारतात. दोन तासांनी त्या दुसऱ्या पातेल्यातून प्यालेल्या चौघांच्या चार तऱ्हा झालेल्या असतात. एक विनाकारण हसत सुटतो. दुसरा जिलब्यांच्या ताटापासून हलत नाही. तिसरा ‘आपल्याला काही होत नाही बुवा’ म्हणत छाती काढून फिरतो. चौथ्याला मात्र जिन्याच्या पायरीवर बसवून वारा घालावा लागतो. छातीत धडधडते आहे, आता काही आपण वाचत नाही, असे तो बायकोला सांगत असतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीचा निकाल ठरलेला असतो : ‘झेपत नाही तर घ्यायची कशाला?’

हे ‘झेपणे’ म्हणजे काहीतरी मर्दुमकी आहे, अशी आपली समजूत आहे. वास्तविक त्याचा संबंध मनगटाशी नाही, यकृताशी आहे.

एकाच मात्रेचे असे निरनिराळे परिणाम आपल्याच देशात एका डॉक्टरने व्यवस्थित लिहून ठेवले आहेत. विल्यम ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवत असे. भांग-गांजाचा औषध म्हणून उपयोग करता येईल का, याचे प्रयोग त्याने केले आणि १८३९ मध्ये निबंध वाचला. संधिवाताच्या तीन रुग्णांना त्याने दुपारी दोन वाजता गांजाच्या राळेचा एकेक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, दिला. चार वाजता एक रुग्ण बडबडू लागला, गाणी म्हणू लागला, जास्तीचे जेवण मागू लागला, आपण ठणठणीत बरे झालो असे सांगू लागला. रात्री आठ वाजता तोच माणूस लाकडासारखा पडलेला सापडला. हात जसा उचलून ठेवावा तसाच राहत होता. थोड्या वेळाने दुसऱ्याचीही तीच गत झाली. तिसऱ्याला काहीच झाले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की तो नेहमीचा चिलीम ओढणारा होता.

आता कोणी म्हणेल, त्या राळेचा काय भरवसा? शंका रास्त आहे. पुढे ब्रिटिश औषधसंहितेतून १९३२ मध्ये आणि अमेरिकन संहितेतून १९४२ मध्ये हे औषध बाहेर पडले, त्याचे एक कारण हेच, की एका बाटलीची ताकद दुसरीसारखी नसे. भांगेतला नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात हाती आला तो १९६४ मध्ये, इस्राएलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांच्या प्रयोगशाळेत. मेशुलम यांनी घरीच एक प्रयोग केला. त्यांच्या पत्नीने केक भाजला. पाच मित्रांच्या तुकड्यांत मोजून दहा-दहा मिलिग्रॅम टीएचसी घातले, पाच जणांना नुसताच केक दिला. टीएचसी खाल्लेल्या पाचांपैकी एक बोलायचा थांबेना. एक ‘मला काही होत नाही’ म्हणे आणि दर थोड्या वेळाने हसू लागे. एकाला जबरदस्त भीतीचा झटका आला. पदार्थ शुद्ध, वजन मोजलेले, तरी तऱ्हा निराळ्या. आमच्या सोसायटीतल्या पायरीवरच्या गृहस्थांची अब्रू या एका केकने वाचावी!

मग फरक पडतो कशाने? भांग पोटात गेली की टीएचसी यकृतात पोचते. तिथे ‘सीवायपी२सी९’ नावाचे एक विकर त्याचे रूपांतर करते. आधी जो पदार्थ तयार होतो तो टीएचसीइतकाच, किंबहुना जास्त, नशा आणणारा असतो. पुढे त्याचाही निचरा होतो. हे विकर प्रत्येकाच्या अंगी सारखे चपळ नसते. आई आणि वडील या दोघांकडूनही त्याची मंद आवृत्ती ज्याला मिळाली, त्याच्या रक्तात तेवढ्याच मात्रेने टीएचसीचा साठा सुमारे तिपटीने अधिक होतो, असे दिसून आले आहे. ही मंद आवृत्ती आपल्या भारतीय उपखंडात जगाच्या अनेक भागांपेक्षा जास्त आढळते. ती कोणाकडे आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. त्यात आणखी एक भानगड अशी, की रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, फिट्सवरचे फेनिटॉइन, मधुमेहावरचे ग्लिमेपिराइड यांचा निचराही हेच विकर करते. आपल्याकडे पन्नाशी-साठीनंतर घरटी एकाच्या उशाशी यातली एखादी गोळी असतेच. त्या सगळ्या एकाच खिडकीवर रांग लावतात आणि खिडकीवरचा कारकून एकच.

यकृतातून सुटलेले टीएचसी मेंदूतल्या ठरावीक ग्राहींना जाऊन चिकटते. हे ग्राही आपल्या शरीराने भांगेसाठी निर्माण केलेले नाहीत. शरीर स्वतःच त्यांच्यासाठी एक पदार्थ तयार करते. १९९२ मध्ये तो सापडला, तेव्हा संशोधकांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदमाइड’ ठेवले. रोज घेणाऱ्याच्या मेंदूत हे ग्राही कमी होतात, सुमारे महिनाभर वर्ज्य केले की पुन्हा पूर्ववत होऊ लागतात. ओशॉनेसीचा तिसरा रुग्ण इथे उलगडतो. म्हणूनच गेल्या होळीला दोन पेले पचले होते, हा यंदाच्या होळीचा दाखला होऊ शकत नाही. शिवाय मात्रा वाढली म्हणजे मजा वाढते असेही नाही. शिकागोत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेसात मिलिग्रॅमने माणसांचा ताण कमी झाला, साडेबाराने उलट मन अधिक बिघडले. मधले अंतर अवघे पाच मिलिग्रॅमचे. आपण पळीने वाढतो.

त्या पळीत काय असते? उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. १९८५ च्या केंद्रीय कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली, ती बाब राज्यांवर सोडली. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणेही गुन्हा आहे. त्यामुळे उपनगरात येणारी गोळी कोणाच्या तरी ओळखीने, पुडीत बांधून येते. पाने कुठली, किती जुनी, त्यात शेंडे मिसळले आहेत का, सांगणारा कोणी नाही. वाटलेला पाला पातेल्याच्या तळाशी बसतो. न ढवळता वाढले तर पहिला पेला आणि शेवटचा पेला यांत जमीन-अस्मानाचे अंतर. दूध-बदामाचीही त्यात भर, कारण टीएचसी स्निग्धात विरघळते आणि तुपा-दुधाबरोबर अधिक शोषले जाते.

पण खरा घात घड्याळ करते. ओढलेला धूर काही मिनिटांत कळतो. खाल्लेली किंवा प्यालेली भांग जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि तिचा भर त्यानंतर येतो. या मधल्या वेळेत माणूस म्हणतो, ‘काहीच होत नाही, आण अजून एक.’ अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४ मध्ये एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने अशीच एक कुकी घेतली. तिच्यात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, म्हणजे साडेसहा जणांचा वाटा. सांगितल्याप्रमाणे त्याने आधी एकच तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही वाटेना म्हणून उरलेली सगळी खाल्ली. पुढे त्याचे वागणे बिघडत गेले आणि त्याने चौथ्या मजल्यावरच्या सज्जातून उडी घेतली. बाजारात अधिकृत वेष्टन, त्यावर आकडा छापलेला, तरीही. आपल्याकडे २०२१ च्या जूनमध्ये मालाडच्या एका बेकरीतून असेच गांजाचे ब्राउनी केक पकडले गेले. त्यांना ना वेष्टन, ना आकडा.

डॉक्टर ही मात्रा कशी शोधतात तेही पाहण्यासारखे आहे. कृत्रिम टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून मिळते. एड्सच्या रुग्णांना भूक लागावी म्हणून ती देताना सुरुवात अडीच मिलिग्रॅमने, दिवसातून दोनदा. मग रुग्णाकडे पाहत, दिवस मोजत वाढवायची किंवा कमी करायची. आपल्याकडेही आयुर्वेदातली ‘विजया’ औषध म्हणून वापरली जाते, पण कायद्याने ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची आहे. सणाच्या गर्दीत हा धीर कोणाला? म्हणून ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांच्या घराण्यात वेड लागण्याचा इतिहास आहे, गरोदर बाया आणि सर्व मुले, यांच्यासाठी ‘झेपणारी मात्रा’ शोधण्याच्या भानगडीत पडूच नये. आणि न सांगता कोणाच्या पेल्यात गोळी सोडणे, ज्याला आपण वर्षानुवर्षे गंमत म्हणत आलो, ती गंमत नव्हे.

एखाद्याला चढलीच, तर लिंबू, लोणचे, ताक यांनी ती उतरत नाही. यकृताला लागायचा तितका वेळ लागतोच. माणसाला शांत जागी बसवावे, एकटे सोडू नये, गच्चीवर किंवा गाडीवर जाऊ देऊ नये, एकदम उभे करू नये, कारण रक्तदाब घसरून घेरी येते. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा लहान मुलाने चुकून खाल्ले असेल, तर १०८ ला फोन करावा. पोलिसांच्या भीतीने लोक इस्पितळात ‘उन्हाचा त्रास झाला’ असे सांगतात आणि डॉक्टरांचा तास-दीड तास मेंदूज्वर की विषबाधा शोधण्यात जातो. भांग घेतली आहे हे स्पष्ट सांगावे, आणि दोन गोष्टी आठवून ठेवाव्यात : पहिला पेला किती वाजता घेतला, आणि दुसरा किती वाजता.