दहावा स्क्वॉट मोजायचा का?

हिमायतनगर असो की हिंजवडी, ऑफिसनंतरच्या जिममधला सीन सेम! दहावा स्क्वॉट अर्ध्यातूनच वर येतो आणि पार्टनर ओरडतो, 'झाले रे दहा!' वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत मात्र तीन पंच असतात. तिघांपैकी दोघांचा पांढरा दिवा लागला, तरच प्रयत्न ग्राह्य. बार डोक्यावर नेताना कोपर वाकलं, मग ढकलून सरळ केलं, तरी लाल दिवा.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले. क्लीन अँड जर्कचे शेवटचे दोन प्रयत्न फसले, कोपर दुखावलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं. फसलेलं वजन हिशेबात शून्य.

आपल्याकडे दिवे कुठले? मग मोबाइल बाजूला टेकवून शूट करा. पॉवरलिफ्टिंगच्या नियमानं खुबा गुडघ्याच्या खाली गेला का? नाही? मग ते नऊच.