उलटसुलट चर्चा

सकाळी 7

घरी सगळी स्थानिक दैनिकं येतात. त्यातलं गुन्हे वृत्ताचं पान मी आधी उघडते. अग्रलेख वाचणारे थोडे. 'तरुणीवर अत्याचार' ही तीन इंची बातमी मात्र एसटीत, सलूनमध्ये, दूध संस्थेच्या कट्ट्यावर सगळीकडे वाचली जाते. जिल्हा पोलीस दलाची रोजची नोट सगळ्या दैनिकांना एकच मिळते. तरीही ती बातमी वाचून एका दैनिकाचा वाचक "बिचारी" म्हणतो आणि दुसऱ्याचा "काहीतरी भानगड असणार" म्हणतो. हा फरक डेस्कवर पडतो. कोणतं वाक्य आधी घेतलं, कोण बोलतंय ते सांगितलं की गाळलं, शेवटची ओळ कोणाच्या वाट्याला दिली, यावर तो अवलंबून असतो. मी मुख्य उपसंपादक आहे. बाईच्या फिर्यादीवर लोकांचा विश्वास बसण्यात किंवा उडण्यात माझ्या हाताचा वाटा असतो. आपला असा काही वाटाच नाही असं मानणारा उपसंपादक मला धोक्याचा वाटतो.

सकाळी 11

शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर तास. विषय मीच मागून घेतला होता. लैंगिक अत्याचाराची बातमी वाचकाला कशी पटवते, हा. मुद्दाम दोन अमेरिकन लेख निवडले, कारण आपल्याकडच्या खटल्यांवर मुलं लगेच पक्षाच्या, जातीच्या बाजू घेतात.

पहिला लेख नोव्हेंबर 2014 चा. 'रोलिंग स्टोन'नं व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीवर सामूहिक बलात्कार झाल्याची दीर्घकथा छापली. लिहिणं अंगावर काटा आणणारं होतं. बातमीदार बाईंनी मुलीवर विश्वास ठेवला आणि त्या भरात ज्यांच्यावर आरोप होता त्यांना गाठलं नाही. त्या रात्री तिला भेटलेल्या मित्रांशीही त्या बोलल्या नाहीत. कथा ढासळली. एप्रिल 2015 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयानं केलेली चिकित्सा प्रसिद्ध झाली आणि लेख मागे घेतला गेला. त्याची किंमत नंतर तक्रार करणाऱ्या बायकांनी मोजली.

दुसरा लेख डिसेंबर 2015 चा, 'प्रोपब्लिका' आणि 'द मार्शल प्रोजेक्ट' यांनी मिळून छापलेला. 2008 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या लिनवुड गावात अठरा वर्षांच्या मुलीनं बलात्काराची तक्रार दिली. ती रडत नव्हती, सांगताना तपशील मागेपुढे होत होते. तिला सांभाळलेल्या बायकांनाच शंका आली आणि ती पोलिसांपर्यंत पोचली. दबावाखाली मुलीनं तक्रार मागे घेतली, तेव्हा खोटी तक्रार दिल्याचा गुन्हा तिच्यावरच दाखल झाला. 2011 मध्ये कोलोरॅडोत दुसऱ्या बलात्कारांचा तपास करताना पोलिसांनी एकाला पकडलं आणि त्याच्याकडच्या छायाचित्रांत ही मुलगी सापडली. मिलर आणि आर्मस्ट्राँग या लेखकांनी दोन्ही तपास आलटून पालटून मांडलेत. एकीकडे शंका घेणारे पोलीस, दुसरीकडे बाईचं ऐकून घेऊन पुरावा शोधत जाणाऱ्या दोन महिला अधिकारी. वाचकाला कुठंही "विश्वास ठेवा" असं सांगितलेलं नाही. मांडणीचा क्रमच ते काम करतो.

मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, आधीच विश्वास ठेवून लिहायचं म्हणजे एकतर्फी नाही का?" प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला म्हटलं, घरफोडीची फिर्याद आली की घरात सोनं होतंच कशावरून, असं आपण पहिल्या दिवशी छापतो का? फिर्याद नोंदवली, तपास सुरू आहे, एवढं सरळ लिहितो. बलात्काराच्या फिर्यादीलाही तेवढीच सरळ वागणूक द्यायची. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, पण फिर्याद देणारी खोटी असल्याचा वास बातमीला येऊ द्यायचा नाही.

दुपारी 4

बैठक. ऊसदर, पंचगंगेचं प्रदूषण, सर्किट बेंचपुढच्या सुनावण्या. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसायला लागलं, तेव्हापासून सहा जिल्ह्यांची अपिलं आमच्या दारात आली आहेत. कोर्टाच्या बातमीला जादा जागा द्या, असं मी पुन्हा मागितलं. बघू, संपादक म्हणाले.

संध्याकाळी साडेसहा

तालुक्याच्या वार्ताहराचा फोन. "ताई, फाइल टाकलीया बघा. जरा मोठी घ्या, गावात लई चर्चा हाय."

मुलगी कोण, कुठली, काय करते यातलं काही मी इथंही लिहिणार नाही. कॉपीत तिचं नाव नव्हतं, वार्ताहर जुना आणि जबाबदार आहे. पण ती कुठे कामाला जाते, कोणत्या थांब्यावर उतरते, वाडीचं नाव काय, हे सगळं होतं. एवढ्या खुणांवरून गावाला नाव कळायला वेळ लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये स्पष्ट केलं की नावासोबत ओळख पटवणारा कोणताही तपशील त्यात येतो. त्याच वर्षी कठुआच्या मुलीची ओळख छापली म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं माध्यमसंस्थांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले होते. खुणा काढल्या. बातमी चार ओळींनी कमी झाली आणि अर्थ तसूभरही बिघडला नाही.

मग शेवटची ओळ. 'या प्रकरणाची परिसरात उलटसुलट चर्चा सुरू आहे.'

फोन लावला. "काका, चर्चा कोण करतंय?"

"लोकं ओ ताई. पोरगी चार दिवसांनी आली ठाण्यात, मग बोलणारच की."

"त्यातलं नाव देऊन कोण बोलेल?"

"नाव कोण देतंय?"

"मग ओळ काढते."

"काढा. पण मी खोटं लिवलं न्हाई."

काकांनी खोटं लिहिलं नव्हतंच. हे वाक्य आमच्या पानांवर वर्षानुवर्षं राहतंय, कारण ते खोटं पाडता येत नाही. त्याला बोलणारा माणूस नाही, म्हणून उत्तर देणाराही नाही. शिवाय ते शेवटी येतं. वरच्या दहा ओळींत फिर्याद, कलमं, अटक आली तरी वाचक पान उलटतो तो ही ओळ डोक्यात घेऊन. बाईवरचा विश्वास उडवायला तिच्या विरोधात एक शब्दही लिहावा लागत नाही.

चार दिवसांचा उशीर मात्र ठेवला. उपसंपादक मुलगी म्हणाली, "काढूया का? उगाच शंका येते." नाही. आज आपण लपवलं आणि उद्या दुसऱ्या दैनिकात आलं, तर वाचक फिर्यादीवर संशय घेईल. उशिराचं कारण फिर्यादीतच होतं. संशयित ओळखीचा, त्याने दिलेली धमकी, घरी सांगायची भीती. ते कारण उशिराच्या शेजारी, त्याच वाक्यात घेतलं. ओळखीचा असणं यात आश्चर्यही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दर 100 बलात्कारांपैकी 90 हून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. उशीर आणि कारण यांच्यामध्ये परिच्छेद आला की उशीर गुन्ह्यासारखा दिसायला लागतो.

काकांनी माया म्हणून घातलेले शब्दही काढले. 'नराधम', 'अब्रूची लक्तरं', 'शाहूंच्या नगरीला काळिमा'. वाचकाला हलवण्यासाठीच ते येतात हे मला मान्य आहे. पण 'नराधम' म्हटलं की वाचक राक्षस शोधायला लागतो, आणि पकडलेला माणूस शेजारच्या आळीतला, देवळात वर्गणी देणारा निघाला की "हा असं करणार नाही" म्हणतो. म्हणजे विशेषण बाईच्या बाजूनं घातलं आणि गेलं तिच्या विरोधात. शाहू महाराजांचं नाव घ्यायचंच तर त्यांनी 1919 मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदा केला, तो सांगावा.

रात्री 8

क्राइमचा बातमीदार सीपीआर रुग्णालयातून आला, भिजलेला. टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "ताई, एक्सक्लुझिव्ह आहे. अंगावर जखमा नाहीत."

मी त्याला बसवलं आणि देसाईगंजचं सांगितलं. 26 मार्च 1972. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. सोळाच्या आतबाहेरची एक आदिवासी मजूर मुलगी भावाच्या तक्रारीसंदर्भात रात्री पोलीस ठाण्यात आली. जबाब झाल्यावर नातेवाइकांना बाहेर जायला सांगून तिला आत ठेवून घेतलं गेलं. हवालदार आणि शिपाई यांनी अत्याचार केल्याची तिची फिर्याद. सत्र न्यायालयानं 1974 मध्ये दोघांना सोडलं आणि तिला धादांत खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठानं 1976 मध्ये शिक्षा दिली. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. कारणांतलं मोठं कारण हेच, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही.

पुढच्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्रात संताप आहे. पण मला त्यातले प्रश्न महत्त्वाचे वाटतात. गरीब आदिवासी पोर, रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, बंद दार, वर्दीतली माणसं. तिनं ओरडायचं ते कोणाला हाक मारून? निकालात विखुरलेल्या, दुर्लक्षित राहिलेल्या गोष्टी चौघांनी शेजारी शेजारी ठेवल्या. 1980 मध्ये मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ओळख न छापण्याचं बंधन त्याच दुरुस्तीत आलं. म्हणून हा खटला मुलीच्या नावानं ओळखला जात असला, तरी आमच्या डेस्कवर तो 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असाच लिहायचा. नाव आरोपीचं राहू दे.

"आणि आता?" तो म्हणाला.

आता कायदाच म्हणतो की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. तरी फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट स्थानकातल्या बसमधल्या बलात्काराच्या तक्रारीनंतर राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी झटापट, आरडाओरडा झाला नाही अशा अर्थाचं विधान केलंच. देसाईगंजला पन्नासहून अधिक वर्षं झाली आणि तोच मुद्दा पुन्हा मथळ्यात आला.

जखमांची ओळ घेतली नाही. वैद्यकीय अहवाल न्यायालयासाठी असतो. तो फुटून आलेला, अर्धाच, कायद्याच्या स्पष्टीकरणाशिवाय छापला तर ती माहिती उरत नाही, बचावाच्या वकिलाचा युक्तिवाद होते. पोरगा नाराज झाला. एक्सक्लुझिव्ह सोडायला कोणालाही जड जातं.

रात्री सव्वानऊ

मथळा. वरून सूचना आली होती, 'प्रेमाचा भयानक शेवट'. प्रेम होतं असं फिर्यादीत कुठंच नाही. 'तरुणीवर अत्याचार' यात करणारा गायब. ठरलं ते 'बलात्काराच्या गुन्ह्यात एकास अटक'. कोरडं आहे, पण खरं आहे.

पान लावणाऱ्यानं सवयीनं कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेल्या मुलीची काळी आकृती टाकली. हे चित्र पाहून लिनवुडच्या मुलीसारख्या न रडणाऱ्या मुलीवर कोण विश्वास ठेवणार? ते काढून त्या जागेत चौकट घेतली. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं मोफत उपचार द्यायचे असतात. मदतीसाठी 112 आणि 181. 'मनोधैर्य' योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं. बातमी वाचणाऱ्यांत अशीच एखादी गप्प बसलेली मुलगी असेल, तर या चार ओळी तिच्यासाठी.

रात्री साडेदहा

चंदगड, गडहिंग्लजची पानं आधी सुटतात. त्याआधी संशयिताच्या वकिलांशी बोलायला लावलं. आरोप अमान्य आहेत, न्यायालयात बाजू मांडू, एवढं ते म्हणाले. त्यांच्या नावानिशी ते घेतलं, मात्र शेवटी नाही. शेवटी तपास कोणाकडे आहे ते.

रात्री 12

शहर आवृत्ती सुटली. मी टेबलावरची डायरी काढली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पुरा व्हायला हवा. त्या तारखेच्या पानावर गुन्हा क्रमांक लिहिला आणि पुढे, दोषारोपपत्र दाखल झालं का, नसल्यास तपास अधिकाऱ्यांना कारण विचारणे. फाइलींत पहिल्या दिवसाची बातमी नेहमी सापडते, कधीतरी सुटकेची सापडते. मधली वर्षं, फिरलेले साक्षीदार, पुढे गेलेल्या तारखा, रखडलेले अहवाल कोणी छापलेले नसतात. मग सुटका वाचून लोक म्हणतात, बघा, खोटंच होतं.

बातमीदार पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "ताई, तोवर माझी बीट बदललेली असेल."

"मग जो येईल त्याला ही तारीख सांगून जा."

त्यानं मोबाइल काढला आणि गुन्हा क्रमांक टिपून घेतला.