एकट्याच्या धंद्याचा फेरहिशेब

श्रोतेहो, आपल्या खेड्यांत एकट्याच्या बळावर चालणारे धंदे पुष्कळ आहेत. शिंपी, सुतार, मोबाइल दुरुस्त करणारा, शिकवण्या घेणारा पदवीधर, आणि विहिरीवरची जळालेली मोटार भरून देणारा कारागीर. यांना पगार नाही आणि साहेबही नाही. स्वतःच मालक, स्वतःच गडी. अशा माणसाने अधूनमधून आपल्या धंद्याकडे परक्याच्या नजरेने कसे पाहावे, ते आज मोटार भरणाऱ्याच्या उदाहरणाने पाहू.

मोटार जळते का, हे बहुतेकांना अनुभवाने ठाऊक असते. तीन फेजांपैकी एक गेली की उरलेल्या तारांवर जादा भार येतो, त्या तापतात आणि वेटोळ्यांवरचे आवरण करपते. दाब कमी असला तरी हीच गत. मग मोटार उतरवायची, गाडीत घालायची आणि तालुक्याला न्यायची. शेतात पीक वाळत असते, तेव्हा प्रत्येकाला ती 'आजच्या आज' हवी असते. कारागीर रात्री बारापर्यंत बसतो. दुकानासमोर मोटारींची रांग असते, आणि तरीही वर्षअखेर हाती काही उरत नाही! असे का व्हावे?

उत्तर दराच्या चुकीत आहे. बहुतेकांचा दर शेजारच्या दुकानावरून ठरतो, आणि शेजाऱ्याचा याच्यावरून. स्वतःच्या तासाची किंमत कोणीच काढलेली नसते. समजा, आपला कारागीर महिन्यातून २६ दिवस, रोज १० तास राबतो; म्हणजे २६० तास झाले. पण तार आणायला जाणे, विहिरीवर फेरी मारणे, विजेची वाट पाहणे, उधारीसाठी हेलपाटे घालणे, यांत ९० तास गेले. त्याबद्दल कोणी पैसे देत नाही. कमाईचे तास उरले १७०. आता घरखर्च २४,००० रुपये, दुकानाचे भाडे, वीज व फोन ५,०००, हत्यारांची झीज २,००० आणि बुडीत जाणारी उधारी ३,००० धरली, तर एकूण ३४,००० रुपये झाले. त्यास १७० ने भागले की तासाला २०० रुपये येतात. २६० ने भागले असते तर १३१ आले असते! आठ तासांच्या मोटारीमागे साडेपाचशे रुपयांचा फरक पडतो, आणि हा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही. आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. शिक्षक बंधुभगिनींनी हे उदाहरण आठवीच्या वर्गात अवश्य द्यावे. व्यवहारी अपूर्णांकांपेक्षा मुलांना ते अधिक गोड लागेल.

तेव्हा पहिले काम दुकान मोठे करण्याचे नाही. महिनाभर एक साधी वही ठेवावी: काम कोणाचे, तास किती, माल किती, पैसे केव्हा आले. महिन्याने ती वही बोलू लागते. पंखे आणि मिक्सर यांत वेळ फार जातो आणि मिळकत थोडी होते, हे तिच्यातूनच कळते. तीस रुपयांच्या कामासाठी तासभर घासाघीस करणारे गिऱ्हाईक कोणते, तेही कळते. त्याला हात जोडून 'नाही' म्हणणे हीसुद्धा धंद्याची वाढच आहे. आमच्याकडे मात्र हा शब्द तोंडातून निघत नाही; गावात राहायचे ना!

उधारीचा प्रश्न याहून अवघड. शेतकरी म्हणतो, "भाऊ, उसाचं बिल आलं की देतो." तो लबाड नसतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हे बिल १४ दिवसांत मिळावे; ते प्रत्यक्षात केव्हा मिळते, हे तुम्ही मला सांगावे. म्हणून मजुरी उधार ठेवली तरी तारेचे पैसे आधी घ्यावेत. आपण तांब्याच्या व्यापाऱ्याला रोख देतो, तर गिऱ्हाइकानेही तेवढे रोख द्यावे, यात संकोच कसला? मोटारीतून निघालेले जुने तांबे कोणाचे, हेही पावतीवर लिहावे. पुष्कळ मने यावरूनच दुखावतात.

आता वाढीविषयी. एक मदतनीस घेतला तर काय होईल? त्याला महिना १०,००० द्यायचे असतील, तर त्याने तुमचे निदान ५० कमाईचे तास मोकळे केले पाहिजेत, आणि त्या तासांना पुरेल एवढे कामही हवे. फेब्रुवारी ते मे हे जमते. भर पावसाळ्यात जमत नाही. तेव्हा प्रथम हंगामापुरताच माणूस घ्यावा. यंत्रासाठी कर्ज हवे असल्यास २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. २०२० पासूनची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, शिंपी असे १८ व्यवसाय आहेत, पण मोटार भरणारा त्यांत नाही.

आणि खरी धास्ती निराळीच आहे. २०१९ च्या कुसुम योजनेपासून शेतात सौर पंप येऊ लागले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू झाली. या पंपाला फेज जाण्याचे भय नाही, आणि पहिली पाच वर्षे दुरुस्ती कंपनीकडे. म्हणजे आज ज्या कामाची रांग लागते, ते हळूहळू आटू शकते. जुन्या मोटारी एकदम जाणार नाहीत हे खरे. पण फेज गेल्यास मोटार बंद करणारे साधन बसवून देणे, ग्रामपंचायतीच्या नळपाणी पंपांची वर्षभराची देखभाल ठरवून घेणे, ही कामे आताच धरावीत. "साधन बसवले तर मोटारी जळणार नाहीत, मग मी खाऊ काय?" असा प्रश्न येतो. ते साधन तुम्ही बसवले नाही तर दुसरा बसवील, आणि गिऱ्हाईकही त्याच्याकडे जाईल. सौर पंपाचा कंट्रोलर आणि पॅनेलची जोडणी शिकायला पावसाळ्याचे महिने बरे. त्या दिवसांत मोटारी तशाही कमी येतात.