वातायन आणि कांचेची भिंत

गेल्या वैशाखांत आमचे चिरंजीव हिंजवडीहून घरीं आले, ते अंगांत लोंकरी बंडी घालून. बाहेर ऊन मी म्हणत होतें, आणि यांचा हा वेष! विचारतां म्हणाले, "बाबा, आमच्या कचेरींत दिवसभर हुडहुडी भरते." भिंती कांचेच्या करून ऊन आंत घ्यावयाचें, आणि तेंच बाहेर घालविण्यासाठीं दिवसभर यंत्रें चालवावयाचीं! पाहुण्यास आपण होऊन आमंत्रण द्यावें, आणि मग त्यास हांकलण्यासाठीं पहारेकरी ठेवावा, त्यांतलाच हा प्रकार नव्हे काय?

योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत आमच्या जुन्या वाड्याच्या पुनर्बांधणीचे नकाशे सह्यांसाठीं आमच्यापुढें आले, आणि त्यांतही पश्चिमेची सबंध बाजू कांचेची! तेव्हां हा विषय समजून घेणें आम्हांस प्राप्तच झालें.

या बाबतींत हैदराबादेजवळ पोचारम येथें इन्फोसिस कंपनीनें केलेला प्रयोग मोठा उद्बोधक आहे. 2011 सालीं वापरांत आलेल्या तेथील एका इमारतीचे दोन सारखे भाग केलेले आहेत. भिंती, खिडक्या, छज्जे दोहोंकडे तेच. एका भागांत नेहमींप्रमाणें हवा थंड करून ती खेळविली; दुसऱ्यांत कांक्रीटच्या छतांत नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरविलें. दोन वर्षें मोजमाप केलें, तेव्हां गारव्यासाठीं दुसऱ्या भागास सुमारें 34 टक्के वीज कमी लागल्याचें आढळलें. बांधणीचा खर्चही त्यामुळें वाढला नाहीं.

याचें कारण सोपें आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षां पाणी सुमारें साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतें. म्हणून पंख्यांचे मोठे श्रम वांचतात. शिवाय छत गार असलें म्हणजे देहाची ऊब आपोआप तिकडे जाते. दगडी देवळाच्या सभामंडपांत वारा नसतांही बरें वाटतें, तें यामुळेंच. मात्र गार पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून जसा घाम सुटतो, तसा छतासही सुटूं शकतो. म्हणून पाणी फार थंड ठेवीत नाहींत, आणि बाहेरची हवा आधीं कोरडी करून मग आंत सोडतात.

परंतु खरें मर्म नळ्यांत नाहीं. ऊन मुळांत आंतच येऊं द्यावयाचें नाहीं, ही पहिली पायरी. इमारत अरुंद ठेवली म्हणजे उजेड मध्यापर्यंत पोंचतो. खिडकीवर सांवली असली म्हणजे ताप बाहेर राहतो. भार असा आधीं हलका केला, म्हणजेच थोड्या गारव्यावर भागतें. माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो. त्यास छज्जा अडवितो. मावळतीचा सूर्य मात्र खालीं उतरून छज्ज्याखालून थेट घरांत शिरतो. म्हणून पश्चिमेची कांच सर्वांत घातक.

आपल्या पूर्वजांनीं खिडकीस वातायन, म्हणजे वाऱ्याची वाट, असें नांव दिलें. जी उघडतच नाहीं, त्या कांचेस हें नांव कसें शोभावें? तरी जुनें तें सर्व सोनें, असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्याच वाड्याच्या माजघरांत भर दुपारीं दिवा लावावा लागे, आणि धुरानें आमच्या मातोश्रींचे डोळे जन्मभर चुरचुरले. जाड भिंत आणि पुरेसा उजेड, दोन्ही हवींत.

सभेंत आम्हीं हें सर्व मांडलें. पश्चिमेस जिना, न्हाणीघरें व कोठीच्या खोल्या घ्याव्या, कांच थोडी व सांवलींत ठेवावी, एवढीच विनंति केली. एक शेजारी रागावून म्हणाले, "मास्तर, कांच नसेल तर इमारतीस भाव येणार नाहीं. आणि नकाशा बदलेपर्यंत भाड्याच्या घराचे पैसे कोण देणार?" प्रश्न खोटा नव्हता, विलंबाची झळ आम्हांसही लागणार आहे. पण आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, भाडें कांहीं महिन्यांचें. विजेचें बिल मात्र नातवंडांच्याही माथीं येईल. अखेर नकाशा फेरतपासणीस गेला. आमची सही तूर्त राहिली आहे.

असो. वाचकांपैकीं ज्यांच्यावर असाच प्रसंग येईल, त्यांनीं सहीपूर्वीं एवढेंच विचारावें: पश्चिमेस काय आहे? खिडकीवर सांवली आहे काय? आणि ती खिडकी उघडते काय?