मोडलेलं हाड प्लॅस्टर घालून विसरू नका

"अहो, डेक ओलं होतं, पाय घसरला, म्हणून मनगट मोडलं!" असं म्हणून आपण विषय संपवतो. पण पन्नाशी उलटल्यावर नुसतं चालताना पडून हाड मोडलं, तर सगळा दोष ओल्या डेकचा नसतो. बळकट हाड एवढ्याशा पडण्याने सहसा मोडत नाही. मनगटाचं फ्रॅक्चर ही बहुधा पहिली सूचना असते. ती ऐकली नाही तर पुढे मणका किंवा खुबा मोडण्याची भीती वाढते. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, दुखत नाही हीच त्यातली मेख आहे. मणक्याचं फ्रॅक्चर तर कित्येकदा कळतही नाही. उंची कमी होते, पाठीला बाक येतो आणि आपण म्हणतो, "वय झालं!"

या विषयातलं जगभर गाजलेलं बरंच संशोधन आपल्या ऑकलंडमध्ये झालं आहे. कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे झटके जास्त दिसले, असं ऑकलंड विद्यापीठाच्या डॉ. मार्क बोलंड, डॉ. इयन रीड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलं. त्यावर मोठा वाद झाला. तेव्हा भारतातून येताना डबेच्या डबे गोळ्या आणण्यापेक्षा दूध, दही, तीळ आणि आपली नाचणी बरी. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, साधारण मोठ्या पेलाभर दुधाइतकं.

त्याच गटाने पुढे झोलेड्रोनेट या शिरेतून देण्याच्या औषधाचा अभ्यास केला. 65 वर्षांवरच्या, हाडं नुसती विरळ झालेल्या दोन हजार स्त्रियांना दीड-दीड वर्षाने औषध दिलं. सहा वर्षांत फ्रॅक्चर्स एक तृतीयांशाहून अधिक कमी झाली (2018). 2025 साली आलेला निष्कर्ष तर थक्क करणारा आहे. पन्नास ते साठ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यात दहा वर्षांत शंभरातल्या अकराजणींचा मणका मोडला. एकदाच औषध दिलेल्यांत सातजणींहूनही कमी. अर्थात मूत्रपिंड, ड जीवनसत्त्व आणि दात तपासूनच हे औषध देतात, आणि पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळीही असते. पण ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर चालत नाही, बरं का!

उन्हाचं काय? सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं. उन्हाळ्यातलं इथलं ऊन मात्र फार प्रखर. म्हणून सप्टेंबर ते एप्रिल सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा, आणि मे ते ऑगस्ट भर दुपारी फिरायला जा, असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. थंडीत हीटरजवळ बसणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना बाहेर काढणं हेच खरं काम!

पडूच नये, हे तर सर्वांत उत्तम. त्यासाठी डनीडनच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात पाय बळकट करण्याचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम बसवले. ते घरीच करायचे, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय थोडं चालणं. ऐंशीच्या घरातल्या मंडळींचं पडणंही त्यांनी सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. फिजिओथेरपिस्टला 'ओटॅगो' एवढंच विचारा.

पुरुष मंडळींनी निर्धास्त राहू नये. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा आईवडिलांचा खुबा मोडलेला असलेल्या कोणीही जी.पी.ला जरूर विचारावं.

आता एसीसीबद्दल. पडून मोडलेल्या हाडाच्या उपचाराला एसीसी मदत करते, भेटीला आलेल्या आईबाबांनासुद्धा. पण हाड ठिसूळ असणं हा अपघात नव्हे, आजार आहे. त्याची तपासणी आणि औषध एसीसीत बसत नाही. म्हणून प्लॅस्टर निघालं की प्रकरण मिटलं असं न समजता जी.पी.ला स्पष्ट विचारा, "माझ्या हाडांची घनता तपासायची का?" आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतील, तर ही डेक्सा तपासणी भारतात परतल्यावर करून घ्यायला सांगा, आणि इथल्या फ्रॅक्चरचे कागद न विसरता त्यांच्या बॅगेत घाला.