आजोबाची नोंद दिल्लीत नाही, आधी तहसीलची रेकॉर्ड रूम पाहा

जात वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या, तर अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. पोराचा प्रवेश अडला की गावात कोणीतरी सांगतंच, "दिल्लीले जा, तिथं सारं रेकॉर्ड आहे." रेल्वेचं तिकीट काढण्याआधी एवढं समजून घ्या.

दिल्लीत जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागार आहे. 1891 मध्ये कलकत्त्यात सुरू झालेलं, नंतर दिल्लीला गेलेलं. तिथं मुख्यतः केंद्र सरकारचे कागद. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, त्याचा पत्रव्यवहार पाहायचा तर ते ठिकाण बरोबर. पण आपल्या आजोबाचं वावर कोणाच्या नावानं होतं, हे दिल्लीले काय माहीत! तरी शोधायचंच असेल तर 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून आधी यादी पाहता येते.

गावची नोंद जवळच असते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्ममृत्यूचं कोतवाल बुक आणि 1954-55 चा अधिकार अभिलेख मागा. त्यावर 'मध्यप्रदेश' दिसलं तर बिचकू नका, 1956 पर्यंत विदर्भ त्याच राज्यात होता. शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर आणि भूमी अभिलेख कार्यालय, हेही सोडू नका.

इथं हाती काही लागलं नाही तर नागपूर. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं, राजधानी नागपूर होती, म्हणून राज्याच्या पुराभिलेख विभागाचं नागपूरचं अभिलेखागार आपल्या कामाचं. जाताना ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. जुन्या कागदाजवळ शाईचा पेन नको.

जिल्ह्याचं नाव मात्र जुनं सांगा. 1905 च्या आधी अचलपूर, दर्यापूर, मेळघाट हे तालुके एलिचपूर जिल्ह्यात होते, अमरावतीत नव्हते. वाशीमही तेव्हा वेगळा जिल्हा होता, पुढं तो अकोल्यात गेला, 1998 मध्ये पुन्हा वेगळा झाला. चुकीच्या जिल्ह्याचा बस्ता उघडून दिवस वाया जातो, असं लई जणांचं होतं.

जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतंच. 'रामजी वल्द सखाराम' एवढंच, पुढं जात आणि गाव. म्हणून पणजोबापर्यंतची नावं घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून आधीच लिहून घ्या. नोंद मोडीत निघाली तर मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आणि मोबाईलवर फोटो काढून निघून येऊ नका, समितीपुढं सही-शिक्क्याची नक्कलच चालते.